क्षणभराचंच काम

“हेमू, वर येऊ काय रे?”

टाकीच्या तळातून इब्राहिमचाचांची हाक आली. सतरा मीटर खोलीवरून, लोखंडी भिंतींवर आपटत वर येईपर्यंत एका माणसाचा आवाज तिघांचा झाला होता. मी टाकीच्या तोंडाशी गुडघे टेकून बसलो होतो. हातात वॉकीटॉकी होता.

“नको चाचा! पंखा क्षणभर थांबणाराय, लगेच सुरू होईल. क्षणभराचंच काम आहे.”

“बरं, बरं,” ते म्हणाले, आणि त्यांचं फावडं पुन्हा खरखरू लागलं.

याला आता सत्तावीस वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, एका तेलवाहू जहाजावर सुकाणी होतो. इब्राहिम होडेकर आमचे सारंग, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम. जैतापूरच्या खाडीकाठचे. वय छप्पन्न, उजवा गुडघा धरलेला. मी रत्नागिरीचा, हेमचंद्र भाटकर. मला जहाजावर चढवलं तेच मुळी त्यांनी. मुंबईच्या ऑफिसात माझ्यासाठी चार वेळा खेटे घातले होते. जहाजावर ते मला मुलासारखं वागवत, आणि शिव्याही मुलासारख्याच देत.

जहाजावर माझी एक ऐट होती. मला इंग्रजी येत असे. शाळेत परुळेकरबाईंनी शब्द घोटून घेतले होते, वहीत एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. त्यामुळे कोणाचं ऑफिसचं पत्र, औषधाच्या बाटलीवरची सूचना, कप्तानाची नोटीस, सगळं माझ्याकडे येई. खलाशी मला ‘मास्तर’ म्हणत. मी वरवर लाजायचो, पण ते मला फार आवडायचं.

टाकीच्या तोंडाशी मला बसवलं होतं तेही इंग्रजीमुळेच. आम्ही नाफ्ता, म्हणजे पेट्रोलसारखं झटकन उडणारं तेल, उतरवून रिकामे आखातात परत चाललो होतो. पुढचा माल वेगळा होता, त्याला टाक्या स्वच्छ हव्या होत्या. आधी समुद्राच्या पाण्याने टाकी धुवायची, दोन दिवस पंख्याने आत हवा मारायची, आणि मग माणसांनी उतरून तळाला उरलेली गंजाची खपली आणि चिखल बादल्यांनी वर काढायचा. हे काम दिसतं झाडूवाल्याचं, पण जीव घेणारं असतं. खपलीखाली नाफ्ता अडकून राहिलेला असतो. फावड्याने ती उचकटली की त्याची वाफ सुटते. म्हणून माणसं आत असेपर्यंत पंखा चालूच ठेवायचा. आणि तोंडाशी एकाने बसायचं, आतल्यांचं बोलणं साहेबाला आणि साहेबाचं आतल्यांना सांगायचं.

साहेब म्हणजे चीफ ऑफिसर बॅरियोस. फिलिपिन्सचे. अंगाने लहानखुरे, बोलणं भरभर, मनाने मऊ. ते मागच्या बाजूला कंट्रोल रूममध्ये असत, तिथून आम्ही त्यांना दिसत नव्हतो. सकाळचे साडेदहा वाजले होते. आत दोघे उतरले होते, सारंग आणि हर्णैचा बावा चोगले. बावाचं डोकं चढलं म्हणून तो जरा आधी वर आला होता आणि माझ्याशेजारी फतकल मारून पाणी पीत होता. खाली चाचा एकटेच राहिले होते. “दोन बादल्यांचं काम उरलंय, संपवूनच येतो. हा गुडघा घेऊन दोनदा शिडी कोण चढणार,” असं म्हणाले होते.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. पुढे नाळेजवळ, जहाजाच्या टोकाशी, डेकवरचा पाण्याचा पाइप फुटला होता. त्याच पाण्याच्या दाबावर आमचा पंखा फिरायचा. बॅरियोस घाईघाईत म्हणाले, “फॅन विल स्टॉप मोमेंटरिली. मोमेंटरिली. कन्फर्म.”

मी बटण दाबलं. “कन्फर्म, सर.”

आणि खाली वाकून चाचांना सांगितलं. त्यांनी विचारलं, वर येऊ काय. मी नको म्हणालो.

तीनेक मिनिटांनी पंखा थांबला.

जहाजावर शांतता अशी नसतेच, इंजिनाची घरघर पायातून सतत चालू असते. पण दोन दिवस कानाशी गरजणारा पंखा थांबला आणि मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. खालून फावड्याचा आवाज येत होता, खर्र, खर्र. मी घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट. दीड मिनिट. क्षणभर म्हणजे किती, याचा मी तोवर कधी विचार केला नव्हता.

“मास्तर, सुरू नाय झाला,” बावा म्हणाला.

“होईल.”

तीन मिनिटं झाली. टाकीच्या तोंडातून वाफेचा गोडसर वास वर यायला लागला. एरवी पंखा तो वास ढकलून लांब नेत असे, आता तो माझ्या तोंडावरच येत होता.

“चाचा!”

“ओ,” खालून आलं. पण जरा उशिरा.

“ठीक ना?”

उत्तर आलं नाही. फावडं चालू होतं, पण त्याची लय गेली होती. एकदा खरखरे, मग बराच वेळ काही नाही, मग दोनदा घाईने. मग ते लोखंडावर टाणकन पडलं. आणि मग खालून हसू आलं.

चाचा हसणारा माणूस नव्हता. ते हसू दारू प्यालेल्या माणसासारखं होतं, सैल, ओघळणारं. मग ते बोलायला लागले, पण माझ्याशी नाही. “अगं दार उघड की. किती येळ उभा ठेवशील? मासे आणलेत, पिशवी गळतेय.” पुन्हा हसले. टाकीत तो आवाज फिरत राहिला, जणू खाली पाच-सहा माणसं कुठल्याशा दारात उभी राहून हसतायत.

“चाचा, वर या! शिडी धरा! चाचा!”

“येतो, येतो,” ते म्हणाले. मग काहीतरी जड, ओलं पडल्याचा आवाज झाला. नंतर काहीच नाही.

मी बटण दाबलं. “सर, पंखा सुरू करा! पंखा अजून सुरू झाला नाही!”

बॅरियोसचा आवाज आला, शांत, थोडा वैतागलेला. “कशाला सुरू करू? पाइप दुरुस्त होतोय. तुमची माणसं बाहेर आहेत ना?”

“नाही सर. सारंग आत आहे.”

मी ‘सर, सर’ करत राहिलो. तेवढ्यात सबंध जहाजावर धोक्याची घंटा वाजायला लागली.

मी एक पाय टाकीच्या तोंडातून आत टाकला. शिडीची पहिली पायरी पायाला लागली. खाली अंधार होता, आणि चाचांच्या बॅटरीचा पिवळा ठिपका एकाच जागी पडला होता. मला वाटत होतं, श्वास धरून उतरीन, त्यांना खांद्यावर टाकीन, चढून येईन. तेवढ्यात बावाने माझं मागून मानगूट धरलं आणि इतक्या जोराने ओढलं की मी डेकवर पाठीवर पडलो.

“सोड मला!”

“नाय सोडणार. खाली गेलास तर दोघांना काढायचं.” तो माझ्या छातीवर बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्याने हात सैल केले नाहीत. “माझा भाऊ असाच गेला. दुसरा पण त्याला काढायला उतरला नि गेला. सोडणार नाय.”

हे त्याने आधी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

बॅरियोस धावत आले. दोघा खलाशांनी पाठीवर बांधायच्या हवेच्या बाटल्या आणि मास्क आणले. कप्तानाने पाइपचं पाणी दुसऱ्या वाटेने वळवायला सांगितलं होतं, पण त्याला वेळ लागणार होता. एक बाटली बॅरियोसनी स्वतः पाठीवर घेतली. त्यांना उतरायची गरज नव्हती, ते ऑफिसर होते, खलाशी पाठवू शकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी बाटली माझ्यापुढे धरली. एवढंच विचारलं, “कॅन यू?”

मी मान हलवली.

त्या मास्कमध्ये माणसाला स्वतःचा श्वास फार मोठा ऐकू येतो. घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा, सोडायचा. शिडी चिखलाने बुळबुळीत झाली होती. माझ्याखाली बॅरियोसच्या हेल्मेटवरचा दिवा डुलत होता. मला एकच भीती होती, आणि ती चाचा मेले असतील ही नव्हती. खाली पोचल्यावर ते डोळे उघडून माझ्याकडे बघतील, आणि मास्कमधून मला काहीच बोलता येणार नाही, ही होती.

त्यांचे डोळे मिटलेले होते. ते शिडीपासून चार पावलांवर पालथे पडले होते. शिडीकडे येतानाच पडले असावेत. तोंड एका बाजूला वळलेलं, गाल गंजाच्या चिखलात. आम्ही त्यांना पट्टे बांधले. माझ्या बोटांना बकल सापडेना. बॅरियोसनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः लावलं. मग वरून सोडलेल्या दोरीला तीन झटके दिले. वरून बावा आणि बाकीचे ओढायला लागले, आणि चाचा हात लोंबकळत, हळूहळू गोल फिरत, उजेडाच्या त्या गोल भोकाकडे वर गेले. आम्ही दोघे खाली उभे राहून बघत होतो. माझ्या मास्कची काच आतून ओली झाली होती.

पंखा थांबल्यापासून चाचा वर येईपर्यंत सोळा मिनिटं झाली.

त्यांची छाती हलत होती. अगदी थोडी, मध्येच थांबत, पण हलत होती. प्राणवायूची नळी त्यांच्या नाकाशी लावली. बावाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडावरचा चिखल बोटांनी काढला. किनारा जवळ होता. पाच तासांनी बंदराची लाँच आली आणि त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांचे डोळे उघडे होते, पण ते कोणाला बघत नव्हते.

त्याच दुपारी कप्तानाने आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. कॅप्टन बिलिमोरिया, मुंबईचे पारशी, निवृत्तीला आलेले. समोर लॉगबुक उघडं होतं.

बॅरियोस उभेच राहिले. “मी त्याला सांगितलं होतं, सर. मोमेंटरिली. दोनदा. त्याने कन्फर्म केलं. माणसं बाहेर काढायला मी तीन मिनिटं दिली.”

कप्तान माझ्याकडे वळले.

“हो सर, त्यांनी मोमेंटरिली म्हटलं,” मी म्हणालो. “म्हणजे क्षणभर. क्षणभर थांबेल, मग सुरू होईल.”

बॅरियोस माझ्याकडे बघतच राहिले. “नो,” ते हळू म्हणाले. “नो, नो. कुठल्याही क्षणी. आत्ता. आता बंद होतोय, बाहेर निघा.”

कप्तान उठले. फळीवरून जाड शब्दकोश काढला, लंडनमध्ये छापलेला, पाठीचं कातडं सुटलेला. पान शोधलं, बोट ठेवलं आणि वाचलं. एकच अर्थ होता. क्षणभरापुरतं. माझा श्वास मोकळा झाला. हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण झाला.

बॅरियोस बाहेर गेले आणि स्वतःचा शब्दकोश घेऊन आले. तो अमेरिकेत छापलेला होता. त्यात दोन अर्थ होते. पहिला क्षणभर. दुसरा, आता कुठल्याही क्षणी.

“आमच्याकडे सगळे असंच बोलतात,” ते म्हणाले. “शाळेत, रेडिओवर. क्षणभर असाही अर्थ असू शकतो हेच मला माहीत नव्हतं.” मग खाली बसून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

कप्तानाने दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली. “माझ्या वेळी ट्रेनिंग शिपवर कोणी हा शब्द असा वापरला असता तर मार खाल्ला असता,” ते म्हणाले. “पण तो काळ गेला. अमेरिकन लोकांनी शब्द फिरवला, आणि अर्धं जग त्यांच्याकडून शिकलं. शब्द तोच राहिला आणि आतला अर्थ उलटा झाला. एकात थांबायचं, दुसऱ्यात पळायचं.” मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, “भाटकर, ऐकताना तुला शंका नाही आली?”

“नाही सर.”

त्यांनी तसं लिहिलं. शेरा पडला, गैरसमजातून अपघात. दोष कोणाचाच नाही. त्या दिवसापासून आमच्या जहाजावर तो शब्द बंद झाला. ‘आता’, ‘दोन मिनिटांनी’, ‘बाहेर या’, असं साधं बोलायचा हुकूम निघाला.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी प्रवासी म्हणून विमानाने अमेरिकेत उतरत होतो, एका जहाजावर रुजू व्हायला. वरून बाईचा गोड आवाज आला, आपण मोमेंटरिली उतरत आहोत. आजूबाजूच्यांनी मुकाट्याने पट्टे बांधले, एका लहान मुलीने बाहुली पिशवीत घातली. सगळ्यांना बरोबर कळलं होतं. मी खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला की शेजारच्या माणसाने विचारलं, पहिल्यांदाच बसताय का?

पण त्याच्या खूप आधी, अपघाताच्याच वर्षी, गणपती झाल्यावर मी जैतापूरला गेलो. चाचा तीन आठवडे आखातातल्या त्या बंदराच्या इस्पितळात काढून घरी आले होते. जीव वाचला होता. उजवा हात कापायचा, माणसांची नावं सुटायची आणि नजर अंधुक झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, डोळे चांगले आहेत, मेंदूलाच हवा कमी पडली.

ते ओट्यावर बसले होते. माझा आवाज ओळखला. “हेमू? ये, ये. बस. कंपनीचा कागद आला. तुझी नि त्या साहेबाची चूक नाय, असं लिवलंय म्हणतात.”

येताना एसटीत वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली.

“चाचा, तो कागद खोटा आहे.”

त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली.

“मला शंका आली होती. साहेबाच्या आवाजात घाई होती. क्षणभर पंखा थांबायचा तर माणूस एवढा घाबरून कशाला सांगेल, दोनदा कशाला सांगेल, असं माझ्या मनात आलं होतं. बटणावर अंगठा होता माझा. पुन्हा सांगा म्हणायचं होतं, बस. पण बावा शेजारी बसला होता. मास्तराला इंग्रजी कळलं नाही, असं झालं असतं. नंतर तुम्ही विचारलंत, वर येऊ काय, तेव्हाही आली होती. तरी मी नको म्हणालो.”

चाचांचा उजवा हात मांडीवर कापत होता. त्यांनी डाव्या हाताने तो धरून ठेवला. खाडीवरून एका होडीच्या इंजिनाचा आवाज आला, लांब गेला, विरला. मला वाटलं, आता शिवी येईल. यावी असं फार वाटत होतं.

“इंग्रजी मला तेव्हा येत नव्हतं, आताही नाय,” ते म्हणाले. “तो साहेब काय म्हणाला ते मला ठाऊकच नाय. तू मला मराठीत सांगितलंस. मी त्यावर थांबलो.”

एवढंच. आवाज चढला नाही, उतरला नाही.

मग काठी चाचपडत ते उठले. “चल, धक्क्यापर्यंत नेऊन आण. सकाळपासून बसून पाय आखडलेत.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. त्याचं कापणं मला शर्टातून कळत होतं. घरापासून खाडीपर्यंत उतार आहे, आणि शेवटाला चिऱ्याच्या पायऱ्या, पावसाने शेवाळलेल्या. काही तुटल्या आहेत, काही गवतात बुडाल्या आहेत. तिथे आल्यावर ते थांबले.

“पायरी आहे काय रे पुढं?”

गवतातून मला कडा दिसत होती. ‘आहे’ हा शब्द तोंडात आलासुद्धा. मी तो गिळला. खांद्यावरचा त्यांचा हात तसाच राहू देऊन आधी मी एक पाय पुढे टाकला, गवत बाजूला केलं, दगडावर टाच दाबून पाहिली, मग दुसऱ्यांदा दाबली.

“आहे चाचा,” मी म्हणालो. “एकच आहे. जरा खोल आहे.”

त्यांनी पाय टाकला.